बिनसावलीची दुपार

मुनीरसर,

गेल्या आठवड्यात नांदेडहून लातूरला परतताना माझ्या पर्समध्ये एक घड्याळ होतं. नवंकोरं, काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा न काढलेलं. बकरी ईदला मीच तुम्हाला दिलेलं. तुमच्या घरी राबियाभाभींनी ते रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, ये तुमारी चीज तुम लेके जाव. उनो पैननेवाले नै थे." दिलेली भेट परत येतेय म्हटल्यावर मला आधी रागच आला. तुम्ही असता तर तिथल्या तिथे भांडले असते. पण पुढे भाभींनी जे सांगितलं ते ऐकून मी रुमाल उचलला आणि निघाले. बस अहमदपूर ओलांडून गेली तरी मी तो रुमाल मुठीत घट्ट धरून बसले होते.

तुमचा चाळीसावा नुकताच झाला. लोक मला म्हणतात, सरांवर लिहा. कुठे जन्मले, कुठे शिकले, किती वर्षं फारसी आणि इतिहास शिकवला. ते सगळं कॉलेजच्या फलकावर लागलेलंच आहे. मला तुमच्याशी बोलायचंय. एक काम तुम्ही माझ्या गळ्यात घालून गेलात आणि मला साधं विचारलंही नाही, त्याबद्दल.

आपली ओळखच भांडणातून झाली. समरकंदच्या एका विद्यापीठाबरोबर आपल्या दोन कॉलेजांनी मिळून एक अभ्यासक्रम चालवायचा असं वर कुठेतरी ठरलं आणि खाली आपल्या दोघांच्या डोक्यावर आलं. नांदेडला तुम्ही, लातूरला मी आणि संगणकाच्या पडद्यापलीकडे समरकंदची दिलनोझा. विषय मोठा होता. जुन्या काळी विद्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कशी गेली? कोण कुणाकडे शिकायला गेलं, कोणत्या भाषेतून काय उतरवून घेतलं, आपल्याकडचे अंक तिकडे कसे पोचले आणि तिकडची माणसं पार बिदरपर्यंत येऊन काय शिकवत होती? पहिल्या बैठकीला मी जाडजूड आराखडा घेऊन आले होते. तुम्ही तो चाळलात, चष्मा कपाळावर ढकललात आणि म्हणालात, "बाई, यात सगळं हाय. शिकणारा माणूस तेवढा न्हाई." माझ्या तीन महिन्यांच्या कामाची तुम्ही एका वाक्यात वाट लावलीत, आणि वर मलाच बिस्किटं पुढे केलीत.

मग तुम्ही तुमची अट घातलीत. जुन्या काळी ग्रंथ वाचला म्हणून कुणी शिक्षक होत नसे. गुरूपुढे बसून म्हणून दाखवायचं, आणि गुरूने 'आता तू शिकव' असं म्हटलं की मगच दुसऱ्याला शिकवायचं. त्या परवानगीला इजाजत म्हणत. आपल्या अभ्यासक्रमातला जो भाग हाताने, पायाने करून शिकायचा आहे, तो इजाजत मिळालेल्या माणसानेच शिकवायचा, आणि ती आपल्याला कोणाकडून मिळाली हे आधी वर्गाला सांगायचं, असं तुमचं म्हणणं. दिलनोझाला ते इतकं पटलं की तिने ते करारातच घातलं. मी एकटी कुरकुरत होते. असल्या अटीने उद्या शिकवायला माणूसच उरणार नाही, असं मी म्हटलं. "मग नका शिकवू," तुम्ही म्हणालात आणि चहा मागवलात.

तुमच्याकडे जी विद्या होती ती सावलीची. तुमच्या घराण्यात मशिदीत नमाजाची वेळ सांगायचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. घड्याळं आली आणि कामाची गरज संपली, पण विद्या घरात राहिली. उन्हात सरळ उभं राहायचं, आपल्या सावलीच्या टोकावर खूण करायची आणि पावलाला पाऊल लावत तिथपर्यंत जायचं. माणूस साधारण आपल्याच सात पावलांएवढा उंच असतो. सावली किती पावलं भरली आणि महिना कोणता, एवढ्यावरून वेळ काढायची. हेच गणित संस्कृत ग्रंथांत काठी रोवून केलेलं आहे, अरबीतही आहे आणि समरकंदच्या जुन्या वेधशाळेतही. तुम्ही ते तिन्ही गावांच्या पोरांकडून एकाच दिवशी करून घ्यायचात. आपली पोरं नांदेड-लातूरच्या मैदानात, दिलनोझाची त्यांच्या अंगणात. त्यांची सावली लांब, आपली आखूड, आणि त्या फरकातून पृथ्वीच्या पाठीवर कोण कुठे उभं आहे ते निघायचं. गणिताचं नाव काढलं की ज्यांना घाम फुटायचा अशी पोरं भर उन्हात समरकंद किती लांब ते काढत बसायची. मी इतकी वर्षं शिकवतेय, वर्गात तसे चेहरे मी एरवी पाहिले नाहीत. ते तुम्ही दाखवलेत, हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही.

बोलले ते फक्त कॅमेऱ्याबद्दल. आपलं न संपलेलं भांडण हेच एक. मी म्हणायची, सर, हे सगळं चित्रित करून ठेवू या. तुमचं उभं राहणं, चालणं, महिन्यामहिन्याचे आकडे. उद्या तुम्ही नसलात तर? तुम्ही म्हणायचात, "नसलो तर नसलो. बाई, त्या कॅमेऱ्याला मी वळखत न्हाई. तो उद्या कुणाला काय सांगंल, अन्‌ सांगितलं तर ते बरोबर सांगितलं का, हे माझ्यापुढं येऊन म्हणून दाखवणार हाय का?" मी हट्टी आणि तुम्ही माझ्या दुप्पट. तिन्ही गावांचा वर्ग सुरू झाला की तुम्ही मुद्दाम चौकटीच्या बाहेर जाऊन उभे राहायचात. दिलनोझा बिचारी म्हणायची, सरांचा आवाज येतो, सर दिसत नाहीत.

दुसऱ्या वर्षी तुम्ही पोरांना साखळीचा अभ्यास दिलात. घरात, गावात ज्याला काही येतं त्याच्याकडून ते शिकायचं. मग त्याला कोणी शिकवलं, शिकवणाऱ्याला कोणी, असं मागे मागे जात नावं लिहायची आणि वर्गात वाचायची. उदगीरच्या मुलाने आजोबांकडून कन्नडातले पाढे आणले. पूनमने आजीकडून झाडांच्या साली वासावरून ओळखणं आणलं. पूनम म्हणजे इस्लापूरजवळच्या जंगलातल्या गावची, किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेली, तुमच्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. तिने नावं वाचली: आजी, आजीची मावशी, मावशीची सासू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात आजी गेली.

म्हातारी बाई होती, जायचीच होती. पण मग उदगीरचे आजोबा गेले. लोह्याच्या एका मुलीचे चुलते गेले, आणि ते तर अजून शेतात जात होते. एक दिवस पूनम तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी तिथेच होते. "सर, आमच्या गावात म्हणून राहिले, कॉलेजात नाव लिवलं की माणूस जातंय. आता कुणी काईच सांगंना." मी असते तर हसून वाटेला लावलं असतं. तुम्ही हसला नाहीत. "म्हातारी माणसं सांगून मोकळी होतेत, पोरी," एवढं म्हणालात. मग एकदम म्हणालात, "माझं नाव लिही की साखळीत. मी सांगतो ना. भेलीस का?" पूनमने वही मिटली. तुम्ही असेपर्यंत तिने तुमचं नाव लिहिलं नाही.

मग मे महिन्यातली ती दुपार. आपल्या भागात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. एकदा मेमध्ये, एकदा जुलैच्या अखेरीला. समरकंदला असा दिवस कधीच येत नाही, म्हणून दिलनोझाच्या पोरांना त्याचं भारी अप्रूप. मी सकाळच्या बसने आले होते. परीक्षा आटोपलेल्या, कॉलेज ओसाड, हौसेने आलेली पाच-दहा पोरं. मैदानातल्या कडुलिंबावर एक पाखरू नव्हतं. गेटपाशी बसणारी कुत्रीसुद्धा कुठे गेली होती कोण जाणे. तुम्ही पांढरा सदरा घालून माझी वाट बघत होतात, आणि मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "बाई, तुमचा तो कॅमेरा लावा आज. असा लावा की तिकडच्या पोरांना आपण दोघं सबंध दिसलो पाहिजे."

इतक्या दिवसांचं भांडण आपण जिंकलो, असं मला वाटलं. त्या आनंदात, आजच का, हे विचारायचं राहून गेलं.

मैदानाच्या कडेची शहाबादी फरशी ही तुमची नेहमीची जागा. तुम्ही तिच्यावर उभे राहिलात. सावली आखडत आखडत तुमच्या चपलांत शिरली. पडद्यावरून दिलनोझा इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मी ते पोरांना मराठीत सांगितलं: आमच्याकडे सावली माणसाला कधी सोडून जात नाही. पोरं हसली. तुम्ही नाही. सूर्य ऐन डोक्यावर असतो त्या घटकेला नमाज पढत नाहीत, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतं. सावली पार गेली तेव्हा तुम्ही फरशीवरून एक पाऊल मागे उतरलात आणि मला म्हणालात, "तुम्ही उभ्या राहा." मी राहिले. पायाखाली उन्हाने पांढरी दिसणारी फरशी होती आणि माझं म्हणून तिच्यावर काहीच पडलं नव्हतं. मग तुम्ही पडद्याकडे तोंड केलंत, पहिल्यांदाच सगळ्यांना दिसाल असे, आणि मोठ्याने म्हणालात, "आता वेळ तुम्ही सांगायची, बाई." तेच तिकडच्यांसाठी फारसीतही म्हणालात.

वर्गाला करून दाखवायला म्हणून म्हणत असाल, असं मी धरून चालले. पोरांकडे वळून मी थाटात म्हटलं, "ऐन दुपार." टाळ्या पडल्या. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकलंत. घामाने चिकटत असेल, असं मनात आलं आणि मी विसरून गेले.

"उद्यापासून आपली दुपारची सावली दक्षिणेला," तुम्ही पोरांना सांगितलंत. एरवी ती उत्तरेला पडते. पण हे दोनेक महिने सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो, म्हणून ती फिरते. पूनमने विचारलं, "दक्षिणेलाच का, सर?" तुम्ही तिला काठी धरून सूर्याची चाल समजावलीत. तिने ते विचारलंच नव्हतं. आमच्याकडे दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नाहीत. ती काय विचारत होती ते मला कळलं होतं, पण मी मध्ये पडले नाही.

घरी येऊन मी आईला कौतुकाने सगळं सांगितलं. आई शिरूर अनंतपाळची, जन्म रानात गेलेला, सावलीची वेळ तिला नवी नाही. ती तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"बिनसावलीचं उभं केलं का गं तुला?"

"आई, खगोल आहे तो."

"आसंल. तुला त्याच्या जागी उभं केलं. मग त्यो कुठं गेला?"

मी म्हटलं, कुठे जाणार, बाजूला झाले. आई परत सूप घेऊन बसली. जेवताना तिने आपणहून विचारलं, "त्या सरांची तब्येत बरी हाय ना?" मी तिच्यावर खेकसले.

त्या दिवसानंतर तुम्ही कुणालाही वेळ सांगितली नाही. हे मला आता दिसतंय. नांदेडच्या स्टँडवर मला सोडायला आला होतात, एका म्हाताऱ्याने विचारलं, चाचा, वाजले किती? तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, "यांना विचारा." प्राचार्यांनी विचारलं, सर, तुमचा तास कधी संपतो? "बाई सांगतील." मी फोनवर म्हटलं, उद्या वर्ग कधी ठेवू या? "तुम्ही म्हणाल तवा." मी लातूरला आईला म्हटलंसुद्धा, मुनीरसर हल्ली फार आळशी झालेत, सगळं माझ्यावर ढकलतात.

आणि मी शहाणी. ईदला येताना तुमच्यासाठी घड्याळ घेऊन आले. जुनं बिघडलंय, सरांचं मनगट रिकामं दिसतं, वेळेचं एवढं मोठं घराणं, शोभत नाही, असं सगळं माझं मीच ठरवून. भाभींनी माझ्यासाठी बिनमटणाचा दालचा वेगळा ठेवला होता. तुम्ही डबी उघडलीत आणि इतके हसलात की भाभी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी घड्याळ बघितलं आणि परत आत गेल्या. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "बाई, तुमच्यासारखं दुसरं कुणी न्हाई." मला ती स्तुती वाटली. मी दालचा दोनदा घेतला.

जूनमध्ये तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले. मी आले तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर होतात. अंगात काही राहिलं नव्हतं. दुपार होती, गजांमधून ऊन खाली फरशीवर आलेलं. तुम्ही हळूच विचारलंत, "बाई, वेळ काय झाली?" मी मनगटावर बघून सांगितली. तुम्ही डोळे मिटलेत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तुम्हाला नेमकी वेळ हवी असेल असं समजून मी मोबाइल काढला आणि अगदी मिनिटासकट सांगितली. मग तुम्ही हात उचललात, तो उचलताना किती कष्ट पडले ते मी बघितलं, आणि खाली फरशीकडे बोट केलंत. तिथे गजांच्या सावल्या पडल्या होत्या. सावल्यांत माझ्या चपला होत्या. चपला आत आणल्या म्हणून तुम्ही रागावलात असं वाटून मी त्या उचलून दाराबाहेर ठेवून आले.

परत आले तर तुम्ही हसत होतात की खोकत होतात, मला नक्की सांगता येत नाही. आपलं शेवटचं बोलणं ते. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. त्या दिवसांत दुपारची सावली दक्षिणेलाच पडत होती.

दिलनोझाचा निरोप आला. आधी चार ओळी तुमच्याबद्दल, मग कामाचं. पुढच्या सत्रात सावलीचा भाग कोण शिकवणार? करारात अट आहे. मी लिहिलं, कुणीच नाही. सरांनी कुणालाही इजाजत दिली नाही, तो भाग काढून टाका. लिहिताना रडू येत होतं आणि तुमचा संतापही येत होता. हेच मी घसा फोडून सांगत होते ना? एवढी पिढ्यांची विद्या, एका माणसाच्या हट्टापायी मातीत गेली. दिलनोझाने उलट एकच ओळ पाठवली: नक्की दिली नाही? ती समजूत काढतेय असं वाटलं, म्हणून मी उत्तरच दिलं नाही.

मग गेल्या आठवड्यात भाभींकडे गेले, आणि त्यांनी रुमाल काढला.

तुमच्या घरात वेळ अशीच देतात, त्या म्हणाल्या. घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या जागेवर दुसऱ्याला उभं करायचं. परगावच्या माणसांदेखत म्हणायचं, आता वेळ तू सांग. आणि मग आपण मरेपर्यंत कुणाला वेळ सांगायची नाही, घड्याळ अंगावर ठेवायचं नाही. "एक घर में दो जने टैम बोले तो गडबड होती, बाई." तुमच्या अब्बांचं खिशातलं घड्याळ त्यांनी असंच काढून पेटीत टाकलं होतं. त्यांच्या अब्बांनी तर भिंतीवरचं उतरवलं होतं. आणि वेळ द्यायची ती आपली भरली म्हणजेच. त्याआधी कुणी देत नाही. "अब्बा दिये, बारिश नै देखे. उनो बी..."

मी म्हटलं, भाभी, पण ती मेमधली गोष्ट. मेमध्ये सर ठणठणीत होते. डॉक्टरांनासुद्धा जूनपर्यंत पत्ता नव्हता.

"हौ," भाभी म्हणाल्या. "डाक्टर को जून में मालूम हुआ."

सर, मी इतिहास शिकवते. पुरावा असल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, आणि म्हातारी माणसं उन्हाळ्यात जातात हे मला कळतं. तरी त्या दिवशी तुमच्या ओसरीत बसून मी मेपासूनचे दिवस बोटांवर मोजले. तुम्हाला कसं कळलं? आणि कळलं म्हणून दिलीत, की दिलीत म्हणून गेलात? हे मी कुणाला विचारू? आईला विचारायची माझी हिंमत नाही. तिचं उत्तर तयार असणार.

कॅमेरा त्या दिवशी तुम्हाला का हवा होता तेही कळलं. परगावची माणसं. समरकंदचा अख्खा वर्ग तुम्ही साक्षीला बसवलात. शिकवायला तुम्ही त्या यंत्रावर शेवटपर्यंत विसंबला नाहीत, पण साक्षीपुरतं ते तुम्हाला चाललं. आपलं भांडण मी जिंकले की तुम्ही, हे आता ठरायचं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या घराण्यातली नाही, तुमच्या जमातीतली नाही, बाईमाणूस, वर सतत वाद घालणारी. अशा माणसाला तुम्ही आपल्या जागी उभं केलंत. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या सख्ख्या माणसांनीही कधी टाकला नाही. हे आठवलं की ऊर भरून येतो, आणि लगेच मनात येतं की विचारायचं तरी होतं. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. तुम्हाला ते माहीत असणार. आणि मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही आज असता का, हा विचार मी जितक्यांदा ढकलते तितक्यांदा तो येतो.

जुलैअखेरचा दुसरा बिनसावलीचा दिवस ढगात गेला. सावली परत उत्तरेला फिरली ती कुणी पाहिलीच नाही. मी दिलनोझाला कळवलं की सावलीचा भाग काढू नका, माझ्याकडे इजाजत आहे. ती म्हणाली, आम्ही सगळ्यांनी बघितलंय, तुम्ही केव्हा म्हणता याची वाट बघत होते.

काल नांदेडला तुमच्या वर्गावर गेले. बऱ्याच दिवसांनी आभाळ उघडलं होतं. कॅमेरा लावला, पोरं फरशीभोवती जमली, पडद्यावर समरकंदची पोरं दाटीवाटीने बसली. पूनम म्हणाली, "मॅडम, वाजले किती?" तिने सहज विचारलं होतं. मी फरशीवर उभी राहिले, सावलीच्या टोकाशी तिला खडा ठेवायला सांगितला आणि पावलाला पाऊल लावत गेले. चार पावलांना थोडी कमी भरली. ऑगस्टचं ऊन, आणि तुमचे महिन्यामहिन्याचे आकडे ऐकून ऐकून मला कधीच पाठ झाले होते. मी म्हटलं, "अडीच व्हायला आले." पूनमने मोबाइल बघितला आणि नुसती मान डोलावली. मग मी साखळी सांगितली. तुमचे आजोबा, तुमचे वडील, तुम्ही. पूनमने वही उघडली आणि तुमचं नाव लिहिलं. "आता लिवायला काय भ्याव," ती पुटपुटली. मग पेन तसंच धरून तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझं राहू दे.

कसं मोजायचं ते सांगायला मी पुन्हा फरशीवर गेले आणि खडा सरकलाय असं दिसलं म्हणून तो नीट करायला खाली उतरले. तेवढ्यात पूनम फरशीवर जाऊन उभी राहिली. आपली सावली किती भरते ते बघायला, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. पडद्यावर दिलनोझा आणि तिचा सगळा वर्ग आमच्याकडे बघत होता. परगावची माणसं. माझ्या ओठांवर काय आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको, सर. माझा एक हात दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यावर गेलेला होता. मी पूनमचा दंड धरला आणि तिला खाली ओढलं. ती दचकून म्हणाली, "काय झालं, मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू माझ्या शेजारी उभी राहा."

आणि मी परत फरशीवर चढले.